मान वेगळा, पत वेगळी: वक्तृत्व स्पर्धांच्या संयोजकांना खुले पत्र

प्रति,
बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी आणि हुक्केरी भागातील आंतरमहाविद्यालयीन वक्तृत्व व वादविवाद स्पर्धांचे संयोजक, परीक्षक आणि राज्यशास्त्राचे शिक्षक यांस,

विषय: ‘राष्ट्राची प्रतिष्ठा’ या विषयाची मांडणी व गुणपद्धती याबाबत

सप्रेम नमस्कार.

दिवाळी झाली की आपल्याकडे स्पर्धांचा हंगाम सुरू होतो. ‘भारत: उद्याची महासत्ता’, ‘जगाच्या व्यासपीठावर भारताची प्रतिमा’, ‘राष्ट्राचा स्वाभिमान’ असे विषय हमखास असतात. विषयांबद्दल आमची तक्रार नाही. देश मानासाठी काय काय करतात हा आंतरराष्ट्रीय राजकारणाचा फार मोठा भाग आहे, आणि पाठ्यपुस्तकात तो सैन्य, तेल, व्यापार यांच्यामागे झाकला जातो. अडचण अशी, की सात मिनिटांच्या भाषणात ‘प्रतिष्ठा’ हा शब्द पुन्हा पुन्हा येतो आणि दर वेळी त्याचा अर्थ बदलतो. कधी तो बसायच्या जागेबद्दल असतो, कधी दिलेल्या शब्दाबद्दल. हीच गल्लत मोठमोठ्या सरकारांनी केली आहे आणि तिच्यापायी लाखो माणसे मेली आहेत. म्हणून हे पत्र जरा सविस्तर लिहीत आहोत.

आपल्या भाषेत या दोन गोष्टींना दोन नेमके शब्द आहेत. मान आणि पत. मान म्हणजे रांगेतली जागा: लग्नात फेटा आधी कुणाला, पंगतीत पहिला पाट कुणाचा. पत म्हणजे मागच्या वागण्यावरून बांधलेला अंदाज: हा माणूस शब्द पाळेल की नाही. निपाणीच्या तंबाखू बाजारात किंवा बेळगावच्या कुठल्याही पतसंस्थेत हा फरक रोज दिसतो. एखाद्याला समारंभात पहिल्या रांगेत बसवतात, पण जामीनदार म्हणून त्याची सही कुणी घेत नाही. दुसऱ्याला कधी कुणी हार घातलेला नसतो, पण त्याच्या शब्दावर माल सुटतो. इंग्रजी ग्रंथांत स्टेटस आणि रेप्युटेशन असे जे दोन भाग पाडतात, ते हेच.

मान तुलनेवर चालतो, हे किल्ला तलावाच्या काठी उभे राहून समजावता येते. २०१८ च्या मार्चमध्ये तिथे ११० मीटरच्या, म्हणजे साधारण ३६१ फुटांच्या स्तंभावर तिरंगा फडकला. आदल्या वर्षी कोल्हापूरच्या पोलीस उद्यानात ३०३ फुटांचा आणि अटारी सीमेवर ३६० फुटांचा स्तंभ उभा राहिला होता. अटारीला उत्तर म्हणून पाकिस्तानने त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये पलीकडे ४०० फुटांचा उभारला. २०२३ मध्ये आपण अटारीत ४१८ फुटांवर गेलो. दोन्ही कोरियांनी हे १९८० च्या दशकातच केले होते: दक्षिणेचा स्तंभ सुमारे ९८ मीटर, उत्तरेचे उत्तर १६० मीटर. पुढे बाकू १६२, दुशान्बे १६५, जेद्दा १७१. झेंड्याबद्दलची भावना खरी असते आणि तिचा आम्हाला आदरच आहे. उंचीचा आकडा मात्र शेजाऱ्याकडे बघून ठरतो. दुशान्बेचा स्तंभ उभा राहिला त्या दिवशी बाकूचा एक खिळाही हलला नव्हता, तरी त्याची किंमत उतरली. रस्ता, धरण, दवाखाना यांचे असे होत नाही. शेजारच्या गावात मोठा दवाखाना झाला म्हणून आपल्या दवाखान्यातल्या खाटा कमी होत नाहीत. मानाच्या वस्तूची आणखी एक बाजू अटारीतच दिसली. एवढ्या उंचीवर वारा कापड टिकू देत नाही, तिथला झेंडा अनेकदा बदलावा लागला. उभारणीचा खर्च एकदा होतो, देखभालीचा कायमचा मागे लागतो. हा मुद्दा पुढे विमानवाहू जहाजांच्या वेळी उपयोगी पडेल.

(कर्नाटक सरकारने बेळगावात बांधलेल्या सुवर्ण विधानसौधाचे उदाहरण आम्ही मुद्दाम बाजूला ठेवले आहे. सीमाप्रश्नाचा महाराष्ट्राचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे, आणि तो वाद स्पर्धेत शिरला की मूळ विषय हरवतो. इमारत हासुद्धा एक दावा असतो, हे इथल्या मुलांना वेगळे शिकवावे लागत नाही.)

मान देणारा कुणीतरी लागतो, हा दुसरा मुद्दा. ब्रिटिशांनी संस्थानिकांसाठी तोफांच्या सलामीचा तक्ता केला होता. म्हैसूरला २१, कोल्हापूरला १९, सांगलीला ९, आणि आज बेळगाव जिल्ह्यात असलेल्या रामदुर्गाला एकही नाही. व्हाइसरॉयला ३१, सम्राटाला १०१. दोन तोफा वाढवायला देणाऱ्याचा खर्च म्हणजे तोफेची थोडीशी दारू. घेणारा मात्र त्यासाठी पैसा आणि फौज द्यायला तयार होई. पहिल्या महायुद्धातल्या मदतीनंतर अनेक संस्थानिकांच्या तोफा वाढवल्या गेल्या. सगळ्यांना २१ दिल्या असत्या तर २१ ला काही अर्थ उरला नसता, म्हणून देणारा हात आखडता घेतो. मुलांनी हे गणित नीट समजून घेतले, तर सुरक्षा परिषदेच्या कायम जागा १९४५ पासून आजवर का वाढल्या नाहीत याचे अर्धे उत्तर त्यांना आधीच मिळालेले असेल.

शिवछत्रपतींचे उदाहरण स्पर्धेत येतेच, पण बहुतेक वेळा चुकीच्या जागी. पुरंदरच्या तहात, १६६५ साली, २३ किल्ले द्यावे लागले. ते जड होते, तरी वाटाघाटीत स्वीकारले गेले. १२ मे १६६६ रोजी आग्र्याच्या दरबारात त्यांना पाच हजारी मनसबदारांच्या रांगेत उभे केले, आणि तिथे ठिणगी पडली. किल्ल्यांचा हिशेब ताकदीचा होता, रांगेचा हिशेब दर्जाचा. आठ वर्षांनी, ६ जून १६७४ ला, रायगडावर राज्याभिषेक झाला तेव्हा राज्य होतेच, फौज होतीच, खजिनाही होता. नव्हती ती मान्यता. ती देणारा असा हवा होता की ज्याचा शब्द इतरांनी मानावा, म्हणून काशीच्या घराण्यातले गागाभट्ट. स्वतःचा शक सुरू झाला, होन आणि शिवराई ही नाणी पडली, आणि इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झेंडन नजराणा घेऊन हजर होता. दिल्लीने स्वराज्याच्या सनदा दिल्या त्या १७१९ मध्ये, शाहूंच्या काळात. मुलूख तोवर बराचसा हातात होता. तरीही कागद हवा होता, कारण देशमुख, वतनदार आणि इतर सरदार कुणाला वसूल द्यायचा हे त्या कागदावरून ठरवत. मान नुसता मिरवायला नसतो. तिसरा माणूस कुणाच्या बाजूने उभा राहील हे तो ठरवतो, आणि म्हणून शहाणी राज्येसुद्धा त्यामागे धावतात.

धावण्याच्या वाटा साधारण तीन. वरच्यांकडे असलेली वस्तू आपणही मिळवायची. वरच्याला त्याच्याच खेळात मागे टाकायचे. नाहीतर मोजपट्टीच बदलायची. बिघाड कुठे होतो ते वाटेवर अवलंबून असते.

पहिली वाट सगळ्यात महाग पडते. थायलंडने स्पेनमध्ये बांधून घेतलेले ‘चक्री नारुएबेत’ हे विमानवाहू जहाज १९९७ मध्ये नौदलात आले. त्याच वर्षी आशियाई आर्थिक संकट आले आणि सराव, सुटे भाग, इंधन सगळ्यालाच कात्री लागली. त्यावरची हॅरियर विमाने २००६ पर्यंत निवृत्त झाली, जहाज बहुतेक काळ बंदरातच राहिले. ब्राझीलने फ्रान्सचे ‘फॉश’ २००० साली अवघ्या १ कोटी २० लाख डॉलरला घेतले आणि ‘साओ पावलो’ नाव दिले. ते क्वचितच समुद्रात गेले. शेवटी भंगारात काढायला नेले तर आतल्या ॲस्बेस्टॉसमुळे तुर्कीने येऊ दिले नाही, आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये ब्राझीलच्या नौदलानेच ते अटलांटिकात बुडवले. विमानवाहू जहाज एकटे चालत नाही. त्याला विमाने, प्रशिक्षित वैमानिक, सोबतीच्या विनाशिका, पाणबुड्या, तेलवाहू जहाज आणि वर्षानुवर्षे सराव लागतो. मानासाठी घेणारा जहाजाची किंमत धरतो, ताफ्याची धरत नाही.

दुसऱ्या वाटेवर जर्मनी गेला. १८९८ च्या नौदल कायद्यात १९ युद्धनौका ठरल्या, १९०० च्या कायद्यात ३८. जर्मनीचे सैन्य युरोपात सर्वांत दणकट होते, तिथे त्याला कमीपणा नव्हता. पण ‘जागतिक सत्ता’ म्हणवून घ्यायचे तर आरमार हवे, कारण ब्रिटनकडे आरमार होते. इथे चूक अशी झाली, की जी वस्तू जर्मनीसाठी मानाची होती ती ब्रिटनसाठी जीवनमरणाची होती. बेटावरच्या देशाचे धान्य समुद्रातून येते. ब्रिटनने १९०६ मध्ये ‘ड्रेडनॉट’ ही नव्या धर्तीची युद्धनौका बांधून जुन्या नौका एका दिवसात कालबाह्य केल्या, १९०४ मध्ये फ्रान्सशी आणि १९०७ मध्ये रशियाशी जुने तंटे मिटवले. जर्मनीच्या वाट्याला महागडे आरमार आणि तीन विरोधक आले. पहिल्या महायुद्धात ते आरमार बहुतेक काळ बंदरात राहिले आणि २१ जून १९१९ रोजी स्कापा फ्लो इथे त्याच्याच खलाशांनी ते बुडवले.

जपानचे उदाहरण आम्हाला सर्वांत महत्त्वाचे वाटते, कारण त्यात मान आणि हित उलट दिशांना ओढताना स्पष्ट दिसतात. १९१९ च्या पॅरिस परिषदेत जपानने राष्ट्रसंघाच्या करारात वांशिक समानतेचे कलम मागितले. ११ एप्रिलला १७ पैकी ११ मते बाजूने पडली. अध्यक्षस्थानी असलेले अमेरिकेचे अध्यक्ष विल्सन यांनी एकमत लागेल असे सांगून ते फेटाळले. तीन वर्षांनी वॉशिंग्टनला नौदल करार झाला. अमेरिका आणि ब्रिटन प्रत्येकी ५ लाख २५ हजार टन, जपान ३ लाख १५ हजार. म्हणजे ५:५:३. जपानला दहास सात हवे होते. अमेरिकेने जपानच्या सांकेतिक तारा फोडून वाचल्या होत्या, त्यामुळे टोकियो दहास सहावर थांबेल हे तिला ठाऊक होते.

आता कागदावरचा हिशेब पाहा. अमेरिकेचे आरमार दोन महासागरांत विभागलेले, जपानचे एकाच. पश्चिम प्रशांतात नवी तटबंदी करायची नाही, असेही अमेरिकेने मान्य केलेले. शिवाय करार नसता तर अमेरिकेचे कारखाने जपानला कितीतरी मागे टाकू शकले असते. सुरक्षेच्या दृष्टीने करार जपानला फायद्याचा होता, आणि तसे म्हणणारे जपानी नौदलातही होते. पण ५:५:३ हा आकडा दर वर्तमानपत्रात ‘तिसऱ्या दर्जाचे’ असा वाचला गेला. १९२४ मध्ये अमेरिकेने जपानी स्थलांतर कायद्याने बंद केले, तेव्हा कराराच्या बाजूने बोलणाऱ्यांची तोंडे आणखी मिटली. २९ डिसेंबर १९३४ रोजी जपानने करार मोडत असल्याची सूचना दिली. पुढची शर्यत जपान जिंकूच शकत नव्हता. पुढे झालेल्या अमेरिका-जपान युद्धाला याशिवाय चीन, तेल, लष्करातल्या गटांचे राजकारण अशी इतर कारणे होती, ती विसरू नयेत. पण समतोल राखणारा करार आकड्यांच्या रूपात सगळ्यांपुढे मांडला की तो हितकर असूनही अपमान ठरू शकतो, हे कराराचा मसुदा करणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवण्यासारखे आहे.

तिसऱ्या वाटेचे उदाहरण आपल्याच घरचे आहे. १९५० च्या दशकात भारताकडे ना पैसा होता ना शस्त्रे. कोरियन युद्ध थांबल्यावर परत जायला नकार देणाऱ्या सुमारे २३ हजार युद्धकैद्यांचे काय करायचे यावर दोन्ही बाजू अडून बसल्या होत्या. १९५३ मध्ये तटस्थ आयोगाचे अध्यक्षपद भारताला मिळाले. कोडगूचे सेनानी थिमय्या अध्यक्ष, आणि कैद्यांची राखण करणाऱ्या भारतीय दलाचे प्रमुख कोल्हापूरचे एस. पी. पी. थोरात. एका कन्नडिगाने आणि एका मराठी माणसाने मिळून केलेले हे काम सीमाभागातल्या एकाही भाषणात येत नाही, याची आम्हाला खंत वाटते. ताकदीची मोजपट्टी सोडून विश्वासाची मोजपट्टी पुढे केली की लहान देशालाही जागा मिळते. नॉर्वेने हेच केले: इस्रायल आणि पॅलेस्टिनी यांच्यातली १९९३ ची ऑस्लो बोलणी, २००२ ची श्रीलंकेतली शस्त्रसंधी. पण मोजपट्टी बदलणाऱ्याची परीक्षाही त्याच पट्टीवर होते. २०१० चे शांतता नोबेल चीनमधल्या तुरुंगात असलेले सरकारविरोधक लिऊ शियाओबो यांना नॉर्वेतल्या समितीने दिले. ही समिती सरकारची नव्हती, तरी चीनने नॉर्वेशी संबंध गोठवले आणि त्याच्या सामन माशाच्या विक्रीला झळ बसली. डिसेंबर २०१६ मध्ये संबंध सुरळीत झाले ते नॉर्वेने चीनच्या ‘मूलभूत हितांचा’ आदर करण्याचे निवेदन दिल्यावर.

आता पत. इथे सगळ्यात मोठी चूक होते ती अशी, की सगळ्या जगाकडे आपली एकच खातेवही आहे असे सरकारे धरून चालतात. मार्च १९६५ मध्ये अमेरिकेच्या संरक्षण खात्यातले सहायक सचिव जॉन मॅकनॉटन यांनी आपल्या मंत्र्यासाठी एक टिपण केले. व्हिएतनाममध्ये लढण्याची कारणे त्यांनी टक्क्यांत मांडली: हमीदार म्हणून असलेल्या नावाला बट्टा लागेल असा मानहानिकारक पराभव टाळणे ७० टक्के, तो प्रदेश चीनच्या हाती जाऊ न देणे २० टक्के, दक्षिण व्हिएतनामी लोकांना अधिक चांगले, मोकळे जीवन मिळावे म्हणून १० टक्के. हे भाषण नव्हते, बंद दाराआडचा कागद होता. १९७१ मध्ये तो फुटला म्हणून आपल्याला दिसतो. ५८ हजारांहून अधिक अमेरिकी सैनिक मेले, व्हिएतनामी मृतांची संख्या त्याच्या कैक पट. १९७५ मध्ये सायगाव पडले. लाओस आणि कंबोडियाही गेले. पण जपान आणि पश्चिम जर्मनी यांनी अमेरिकेशी केलेले करार मोडले नाहीत. त्यांनी आपल्यापुरते पाहिले: आमच्या भूमीवर अमेरिकेचे किती सैन्य आहे, आमच्यात तिचे किती हित गुंतले आहे. व्यापारीही असाच विचार करतो. गिऱ्हाईक दुसऱ्या गावात हरले म्हणून तो आपली उधारी थांबवत नाही. त्याने आपल्याशी काय केले आणि त्याची आजची ऐपत काय, हे पाहतो.

याचा अर्थ पत म्हणजे भ्रम, असे नाही. कर्ज फेडलेल्या देशाला स्वस्त कर्ज मिळते, हे उघड आहे. शिवाय माघार घेतलेल्याला स्वतःच्या मनातला सल गप्प बसू देत नाही. ऑस्ट्रिया-हंगेरीने १९०८ मध्ये बोस्निया गिळला, मार्च १९०९ मध्ये जर्मनीने दटावल्यावर सर्बियाची बाजू घेणाऱ्या रशियाला मान तुकवावी लागली. व्हिएन्ना आणि बर्लिनमध्ये काहींनी धडा घेतला की रशिया नमतो. रशियाची राजधानी पीटर्सबर्गने धडा घेतला की पुन्हा नमायचे नाही. १९१४ च्या जुलैत हे दोन धडे एकमेकांवर आदळले. पाहणारा मागच्या माघारीवरून पुढची माघार गृहीत धरतो, तर माघार घेणारा त्याच कारणाने पुढच्या वेळी अडून बसतो. वादविवादात एक बाजू ‘कडक राहिलो तरच पत राहते’ म्हणते, तेव्हा समोरच्या बाजूने हे उदाहरण काढायला हवे.

अशा पेचातून सुटका कशी होते, ते सोव्हिएत संघाने क्युबात क्षेपणास्त्रे ठेवली त्या प्रसंगात दिसते. २७ ऑक्टोबर १९६२ च्या रात्री अमेरिकी अध्यक्षांचे भाऊ रॉबर्ट केनेडी यांनी सोव्हिएत राजदूत दोब्रिनिन यांना सांगितले, की तुर्कीतली आमची ज्युपिटर क्षेपणास्त्रे काढू, पण ते जाहीर होता कामा नये. ती १५ होती, जुनी झाली होती, आणि १९६३ च्या एप्रिलपर्यंत गेली. जगाला दिसले ते एवढेच, की सोव्हिएत नेते ख्रुश्चेव मागे हटले आणि अमेरिकेने क्युबावर हल्ला न करण्याचे वचन दिले. व्यवहार समसमान होता, देखावा एकतर्फी. अमेरिकेची अब्रू राहिली, युद्ध टळले. किंमत ख्रुश्चेव यांनी मोजली: दोन वर्षांनी, ऑक्टोबर १९६४ मध्ये, त्यांना पदावरून काढले, आणि आरोपांत क्युबाही होता. शिवाय गुपित टिकल्यामुळे ‘ताठ राहिलो म्हणून जिंकलो’ ही चुकीची शिकवण पुढच्या अमेरिकी राज्यकर्त्यांकडे गेली. तीच व्हिएतनाममध्ये भोवली, असे आम्हाला वाटते.

आपल्या देशाबद्दल बोलताना मुले आवाज चढवतात आणि तपशील सोडतात. तपशील असे. अण्वस्त्रप्रसारबंदी कराराने १ जानेवारी १९६७ पूर्वी स्फोट केलेल्यांनाच अण्वस्त्रधारी म्हटले. चीनचा स्फोट १९६४ चा, तो आत. आपला १८ मे १९७४ चा, तो कायमचा बाहेर. तारीख लावून दार बंद केलेला हा क्लब आहे, आणि ‘भेदभाव’ हा आपला आक्षेप त्या तारखेवर आहे. १९९८ मध्ये आपण ११ मे रोजी तीन आणि १३ मे रोजी दोन स्फोट जाहीर केले, १९७४ चा धरून सहा. पाकिस्तानने २८ मे रोजी पाच आणि ३० मे रोजी एक जाहीर केला. तेही सहा. शास्त्रीय गरजेने एवढा अचूक मेळ बसेल असे मानणे कठीण आहे.

सुरक्षा परिषदेत कायम जागा हवी तर वाट सनदेच्या १०८ व्या कलमातून जाते. महासभेच्या १९३ पैकी दोन तृतीयांश, म्हणजे १२९ मते, आणि मग तितक्याच देशांच्या संसदांची किंवा सरकारांची संमती, ज्यात पाचही कायम सदस्य हवेत. एकाने कागद दडपून ठेवला तरी पुरे. आजवर परिषद एकदाच वाढली, ११ ची १५ झाली: ठराव १९६३ चा, अंमल १९६५ पासून, आणि वाढल्या त्या फक्त अस्थायी जागा. भारत, जपान, जर्मनी आणि ब्राझील यांनी २००५ मध्ये एकत्र मसुदा आणला. त्यात नव्या कायम सदस्यांनी १५ वर्षे, फेरआढाव्यापर्यंत, नकाराधिकार वापरायचा नाही अशी सवलत होती. तरी तो मतास गेला नाही. या चौघांच्या प्रत्येकाच्या शेजारी एक विरोधक आहे: पाकिस्तान, दक्षिण कोरिया, इटली, अर्जेंटिना. तोफांच्या तक्त्यासारखेच इथेही वरच्याला वाटा कमी करायचा नसतो, आणि बरोबरीच्याला आपल्या शेजाऱ्याची तोफ वाढलेली खपत नाही.

आणि एक गोष्ट, जिच्यावर खरा वाद व्हायला हवा. २००१ च्या भूज भूकंपात आपण परदेशी सरकारांची मदत घेतली. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीत ती नम्रपणे नाकारली आणि त्याच वेळी आपली जहाजे श्रीलंका, मालदीव आणि इंडोनेशियाकडे पाठवली. घेणाऱ्यांच्या रांगेतून देणाऱ्यांच्या रांगेत जाण्याची ती घडी होती. २०१८ च्या केरळ महापुरातही तेच धोरण राहिले. २०२१ च्या वसंतात प्राणवायू अपुरा पडला तेव्हा ते बाजूला ठेवावे लागले. मानाचे धोरण कुठवर ताणायचे, आणि त्याचा भार पुरात अडकलेल्या माणसावर पडतो का, हा प्रश्न दोन्ही बाजूंनी प्रामाणिकपणे लढवता येतो.

मुलांना एक इशारा द्यावा. सगळ्याच गोष्टी मानासाठी होत नाहीत. सुरक्षा, पैसा, घरातली निवडणूक ही कारणे आधी तपासावीत आणि मगच मानावर यावे. आम्ही सुचवतो तो क्रम असा. तेवढीच सुरक्षा देणारा स्वस्त पर्याय समोर असताना महागडा निवडला का? वरच्यांकडे ती वस्तू आहे, एवढ्याचसाठी तीच हवी होती का? कुणी पाहत नसते तरी केले असते का? आणि पुरावा कुठला आहे, जाहीर भाषण की आतला कागद? भाषणात प्रत्येक सरकार मानाची भाषा बोलते, त्यामुळे भाषण हा कच्चा पुरावा. मॅकनॉटन यांचे टिपण पक्का.

गुणपत्रिकेबद्दल थेट विनंती करतो. आवाज, हावभाव, पाठांतर यांवर निम्मे गुण जातात. शंभरातले किमान तीस नेमक्या पुराव्याला ठेवा: वर्ष, आकडा, आणि त्या आकड्याने काय सिद्ध होते हे स्पष्ट करणारे एक वाक्य. भाषण सातऐवजी पाच मिनिटांचे करा आणि वाचलेली दोन मिनिटे परीक्षकांच्या प्रश्नांना द्या. पहिला प्रश्न ठरलेला असावा: ‘तू आत्ता प्रतिष्ठा म्हणालास, ती मान की पत?’ विषय ‘महासत्ता’सारखे सैल न ठेवता दोन बाजू पडतील असे ठेवा. ‘नकाराधिकाराशिवाय मिळणारी कायम जागा भारताने स्वीकारावी.’ ‘आपत्तीत परकीय सरकारांची मदत नाकारू नये.’ ‘५:५:३ चा करार जपानच्या हिताचा होता.’ ‘क्युबातली तडजोड गुप्त ठेवणे चूक होते.’ यांतला प्रत्येक विषय दोन आठवड्यांच्या वाचनात पदवीच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला पेलतो.

विषयपत्रिका छापायला जाण्याआधी ती मराठीबरोबर कन्नडमध्येही काढावी, ही शेवटची विनंती. शब्द शोधायची गरज पडणार नाही. ‘मान’ दोन्हीकडे एकच आहे, आणि सहकारी सोसायट्यांच्या कन्नड पाट्यांवर ‘पत्तिन’ हा शब्द आपण रोज वाचतो, तो आपल्याच ‘पत’चा भाऊ आहे. कन्नड माध्यमाची मुले त्याच विषयावर त्याच मंचावर समोर आली, तर वादाला खरा प्रतिपक्ष मिळेल.

आपले,
राज्यशास्त्र व इतिहासाचे काही शिक्षक
बेळगाव, खानापूर, निपाणी